तपासणीच्या दिवशी निंदण असते

(जिल्हा मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



सकाळी कापसाच्या भावाची चर्चा झाली, पीकविम्याची झाली. आता मला गरोदर बाईच्या तपासणीवर बोलायचे आहे. विषय ऐकल्याबरोबर मागच्या बाजूची काही मंडळी चहाला उठली, ते मला इथून दिसते आहे. बसा जरा. हे भाषण बायकांसाठी असते तर मी ते महिला आघाडीच्या बैठकीत केले असते. मला आज पुरुषांशी बोलायचे आहे. बायकांना यातले सगळे आधीपासून ठाऊक आहे.

मी शेतकीचा पदवीधर. डॉक्टर नाही. तेव्हा औषधोपचार सांगण्याचा अधिकार मला नाही. पण हिशेब मांडता येतो, आणि या विषयात हिशेबच कोणी मांडत नाही.

अडाणीपणाचा जुना आरोप

आपल्या चळवळीने पहिले काम कोणते केले असेल, तर शेतकऱ्यावरचा एक आरोप खोडून काढण्याचे. शेतकरी गरीब का? तर तो अडाणी, आळशी, लग्नकार्यात पैसा उधळणारा, असे शहरातली शहाणी माणसे वर्षानुवर्षे सांगत आली. आपण पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी, सगळ्याची बेरीज केली आणि दाखवून दिले की जो माल खर्चापेक्षा कमी भावाने विकावा लागतो तो पिकवणारा ब्रह्मदेव असला तरी कर्जात जाईल. शेतकरी खत कमी टाकतो, कारण त्याला खताचे महत्त्व कळत नाही असे नाही. पाऊस दगा देणार आणि भाव पडणार हे त्याला अनुभवाने ठाऊक असते, म्हणून तो हात राखून खर्च करतो.

आता तोच आरोप गावातल्या बाईवर होतो. ती वेळेवर नाव नोंदवत नाही, चार तपासण्या पुऱ्या करत नाही, लोहाच्या गोळ्या खात नाही. का? तर अडाणी! जनजागृती करा, भिंती रंगवा, रॅली काढा. जो आरोप आपण स्वतःवर सहन केला नाही, तो आपल्याच घरातल्या बाईवर झाला की आपण माना डोलावतो. म्हणून आज तीच पाटी-पेन्सिल घेऊन बसू.

आकडे काय सांगतात

आधी जे चांगले झाले ते सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात शंभरातली सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात झाली. नमुना नोंदणीच्या २०१८-२० च्या आकड्यांप्रमाणे देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. आपल्या आज्यांच्या काळाशी ताडून पाहिले तर ही मोठी मजल आहे. आशाताई, नर्सबाई, अंगणवाडीच्या ताई यांचे हे श्रेय आहे आणि ते मोकळेपणाने दिले पाहिजे.

आता त्याच पाहणीतले पुढचे आकडे ऐका. बाळंतपणासाठी ९५ जणी दवाखान्यात पोचतात, पण चार तपासण्या झालेल्या सुमारे ७० च. महाराष्ट्रातल्या गरोदर बायांपैकी सुमारे ४५ टक्के रक्त कमी असलेल्या. देशात निम्म्याहून जास्त. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घेतलेल्या माता देशभरात शेकडा २६.

मला या आकड्यांतली तफावत महत्त्वाची वाटते. जी बाई बाळंतपणाला दवाखान्यात पोचते तिला दवाखान्याची भीती नाही, अंधश्रद्धेचा अडथळा नाही, रस्ताही माहीत आहे. मग तीच बाई तपासणीला का पोचत नाही? बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की सगळे घर हातातले काम टाकते, गाडी येते, सासू बरोबर जाते, पैसे निघतात. तपासणीच्या दिवशी मात्र काही दुखत नसते. आणि ज्या दिवशी काही दुखत नाही त्या दिवशी आपल्या घरात बाईने काम करायचे असते.

बोंड बाहेरून हिरवे असते

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्याला काय शिकवले ते आठवा. बोंड बाहेरून हिरवेगार, भरलेले. फोडून पाहिले तर आत सरकी खाल्लेली. ज्याने कामगंध सापळे लावून पतंग मोजले आणि आठवड्याला बोंडे फोडून पाहिली, त्याला वेळेत कळले. ज्याने बांधावरून पाहून पीक चांगले म्हटले, त्याला वेचणीला कळले.

गरोदरपणातली मोठी संकटे अशीच आतून येतात. रक्तदाब वाढला तर सुरुवातीला काही कळत नाही. तो यंत्र लावूनच कळतो. १४० वर ९० झाला की डॉक्टर सावध होतात. लघवीत प्रथिने जाऊ लागली तर तेही तपासणीतच दिसते. पुढे डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, हातातोंडाला सूज येते, आणि मग झटके येतात. तोवर वेळ फार थोडा उरतो. रक्ताचेही तसेच. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्तक्षय आणि ७ च्या खाली गेले की तो गंभीर. पण ८ आकडा असलेली बाईसुद्धा दिवसभर निंदण करते. थकवा येतो, धाप लागते, तर आपण म्हणतो, पोटुशी आहे, असे होणारच. बाळंतपणात रक्त सगळ्यांचेच जाते. ज्या बाईच्या अंगात मुळात रक्त नाही तिला ते जाणे सोसत नाही.

म्हणून चार तपासण्या ठरवल्या आहेत. पहिली बारा आठवड्यांच्या आत, दुसरी चौदा ते सव्वीस आठवड्यांत, तिसरी अठ्ठावीस ते चौतीस आठवड्यांत आणि चौथी छत्तीस आठवड्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१६ पासून आठ भेटी सांगितल्या आहेत. पिकाच्या नाजूक अवस्था आपल्याला तोंडपाठ असतात. पात्या लागताना, बोंड भरताना एक पाणी मिळाले तर काय होते हे मी कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको. या चार तारखा मात्र किती बापांना पाठ आहेत?

फुकट तपासणीचा खर्च

आता हिशेब. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट आहे. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात तपासण्या, औषधे, बाळंतपण आणि बाळंतपणासाठीचे वाहन फुकट. कागदावर शून्य रुपये.

एका गावातल्या बैठकीत मी हे सगळे सांगितले. एक म्हातारी बाई मागून म्हणाली, "साहेब, तारीख तुमी सांगता, पन त्या दिवसाचा रोज कोन देईन?"

माझ्या साऱ्या शिक्षणाला जे सुचले नव्हते ते तिने एका वाक्यात सांगितले. तुम्ही आपापल्या गावचा आकडा घाला. बाईचा एक रोज बुडाला. ती एकटी जात नाही, बरोबर सासू किंवा जाऊ गेली, तिचा दुसरा रोज बुडाला. दोघींचे जाण्यायेण्याचे भाडे. एसटी चुकली तर टमटमचे जास्तीचे भाडे. रक्त तपासायचे साहित्य संपले असेल किंवा सोनोग्राफी बाहेरून करून आणा म्हटले, तर आणखी खर्च आणि आणखी एक दिवस. याला चाराने गुणा. फुकट म्हणतात त्या तपासणीचा हा उत्पादन खर्च आहे.

आणि रोज कोणत्या दिवसात बुडतो तेही पाहा. मे महिन्यात दिवस राहिले तर पहिले तीन महिने पेरणी, टोबणी आणि निंदणात जातात. फेब्रुवारीत राहिले तर शेवटचे दोन महिने ज्वारी-सोयाबीनच्या कापणीत आणि पहिल्या वेचणीत येतात. निंदण आणि वेचणी ही बायकांची कामे. वेचणी किलोवर असते. एक दिवस गेला की तेवढे किलो गेले. स्वतःच्या शेतात रोज बुडत नाही, पण तण थांबत नाही आणि पाऊस आला तर फुटलेला कापूस भिजतो. दर महिन्याच्या ९ तारखेला २०१६ पासून सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची डॉक्टरकडून तपासणी होते. योजना चांगली आहे. पण ऑगस्टच्या ९ तारखेला आपल्या शेतात काय चालू असते?

मराठवाड्यातले जे भाऊ ऊसतोडीला जातात त्यांची स्थिती याहून कठीण. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस गेला नाही तर खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. गावातली आशाताई गावातच राहते, बाई दोनशे कोसांवर पाचटाच्या खोपीत. चार तपासण्यांतल्या दोन-तीन तिथेच बुडतात.

सरकारला विचारायचे ते इथे विचारू. पगारदार बाईला २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. ती मिळायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. शेतात राबणाऱ्या बाईला मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये, आणि २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६,०००. तेही आधार, बँकखाते आणि अर्ज यांच्या चाळणीतून. पाच हजारांना आपल्या मजुरीच्या दराने भागा आणि पाहा, २६ आठवड्यांतले किती दिवस भरतात. घामाचे दाम मागणाऱ्या चळवळीने हे दामही मागितले पाहिजेत.

दोष आपल्या दाराशी

इथपर्यंत सगळे टाळ्या वाजवतील, कारण दोष सरकारकडे गेला. पण पाटीवरचा हिशेब इथे संपत नाही.

पैसा असलेल्या घरातही तपासण्या चुकतात. विहीर आहे, मोटरसायकल दारात आहे, दवाखाना आठ किलोमीटर. रोज बुडण्याचा प्रश्न नाही. तरी चुकतात. कारण बाईला स्वतःहून उठून जाता येत नाही. गाडी नवऱ्याची, पैसे सासऱ्याच्या खिशात, परवानगी सासूची. वर्षभर कापूस वेचणारी ती, आणि कापसाची पट्टी कोणाच्या नावावर? ज्या बाईला पन्नास रुपये मागून घ्यावे लागतात ती दुखल्यावर मागते. दुखत नसताना कशी मागणार?

माझ्याच घरचे सांगतो. २००६ सालची गोष्ट. मी नुकताच या कामात पडलो होतो. कापसाच्या प्रात्यक्षिक प्लॉटवर दर आठ दिवसांनी जायचो, पाने उलटून रसशोषक किडी मोजायचो, वहीत लिहायचो. घरी मंडळींना दिवस गेलेले. ती दोनदा म्हणाली, दवाखान्यात जायला पाहिजे. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात जाऊ. आई म्हणाली, आम्ही कुठे जात होतो दवाखान्यात? आणि मी गप्प बसलो, कारण ते माझ्या सोयीचे होते. सातव्या महिन्यात तिला चक्कर आली तेव्हा नेले. हिमोग्लोबिन निघाले सात पूर्णांक दोन. डॉक्टरबाईंनी मला विचारले, इतके दिवस काय करत होतात? माझ्या खांद्यावरच्या पिशवीत त्या वेळी चाळीस शेतकऱ्यांच्या मातीचे नमुने होते. कोणाच्या जमिनीत कशाची कमतरता आहे ते मी तपासून आणत होतो.

सलाइनमधून लोह द्यावे लागले, बाळंतपणात रक्ताच्या बाटल्या आणाव्या लागल्या. बाई वाचली, मुलगी वाचली. दवाखाना जवळ होता, माझ्याकडे पदवी होती, खिशात थोडे पैसेही होते. अडाणी कोण होते, ते तुम्हीच ठरवा.

न बोललेली कारणे

आणखी काही कारणे बायका बोलतात, पण आपल्यासमोर नाही. पहिले तीन महिने कोणाला सांगायचे नाही, दृष्ट लागते. त्यामुळे बारा आठवड्यांतली नोंदणीच चुकते. पहिल्या खेपेला कौतुक असते. दुसऱ्या-तिसऱ्याला 'हिला काय नवीन आहे' म्हणून कोणी विचारत नाही. पाहण्यांतही हेच दिसते की पुढच्या पुढच्या गरोदरपणात तपासण्या कमी होत जातात. पहिल्या बाळंतपणाला मुलगी सातव्या महिन्यात माहेरी जाते. इकडचे कार्ड इकडेच राहते, आणि तिकडच्या नर्सबाईला आधीचा रक्तदाब किती होता हे कळत नाही. कार्ड ओटीच्या सामानाबरोबर पाठवायला काय खर्च येतो?

गोळ्यांचे म्हणाल तर त्यांनी मळमळते, शौचाला काळे होते. हे होते, खोटे नाही. पण ते आधी सांगितले नाही तर बाई घाबरते आणि गोळ्या फळीवर पडतात. 'गोळ्यांनी पोर काळे होते', 'जास्त खाल्ले तर पोर मोठे होऊन अडते' असे म्हणणाऱ्या घरात बोलणारी सून नसते. तिथे सासूला आणि नवऱ्याला समजावले पाहिजे. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. लिंबू-आवळ्याबरोबर चांगली लागते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.

आणि दवाखान्यातली वागणूक. 'इतके दिवस कुठे होतीस' म्हणून चारचौघांत खेकसले, आडोशाशिवाय तपासले, तर ती बाई पुन्हा येत नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेली पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. शंभरातल्या ९२ बायकांना अंगावरचे, आतले काही ना काही दुखणे होते, आणि त्याआधी त्यासाठी तपासून घेतलेल्या शेकडा ८ च होत्या. आपल्या बायका सोसतात म्हणून आपण त्यांना धडधाकट समजत आलो.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९० च्या दशकात गरोदर बायांचा आहार आणि कष्ट यांचा अभ्यास झाला. ज्यांना कामाचा भार जास्त होता त्यांची बाळे आकाराने लहान निघाली. म्हणजे शेतातल्या कामाचा हिशेब बाळाच्या वजनात उतरतो. तपासणीला जाऊ देणे ही निम्मी गोष्ट झाली. उरलेली निम्मी म्हणजे डोक्यावरचे ओझे उतरवणे.

ठराव

१९८६ साली चांदवडच्या अधिवेशनात शेतकरी बायका आपले दुःख मांडायला जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीत हजारो शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. कोणी कायदा केला नव्हता. शेतकऱ्यांनी आपणहून केले. त्या पुण्याईवर आज मी पाच गोष्टी मागतो आहे.

पहिली. घरात दिवस राहिल्याचे कळले की चार तपासण्यांच्या तारखा नवऱ्याने लिहून भिंतीवर लावायच्या, आणि त्या दिवशी त्याने स्वतः बरोबर जायचे. आशाताईचा फोन त्याच्याकडे पाहिजे.

दुसरी. ज्याच्या शेतात गरोदर बाई रोजाने येते त्याने तपासणीच्या दिवसाचा रोज कापायचा नाही. कोरडवाहू शेतकऱ्याची परिस्थिती मला ठाऊक आहे. चार रोज. एका फवारणीच्या औषधाहून जास्त होणार नाहीत.

तिसरी. गरोदर बाईने फवारणीचे पाणी आणायचे नाही, औषध कालवायचे नाही, फवारलेल्या शेतात त्या दिवसांत जायचे नाही. २०१७ साली यवतमाळात धडधाकट माणसे फवारणीने दगावली, हे विसरू नका.

चौथी. डोके दुखून अंधारी येणे, अंगावर लाल जाणे, पाणी जाणे, झटके येणे, पोटातले बाळ हलायचे कमी होणे, यांतले काहीही झाले तर सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा. प्रत्येक गावात एक गाडीवाला आधी ठरवून ठेवायचा.

पाचवी सरकारकडे. उपकेंद्रातल्या तपासणीचे दिवस हंगाम पाहून ठरवा. निंदण-वेचणीच्या महिन्यांत संध्याकाळीही तपासा. रक्त, लघवी, रक्तदाब गावातच पाहा. ऊसतोडीच्या तळावर नर्सबाई पाठवा. आणि शेतात राबणाऱ्या बाईला बुडालेल्या रोजाइतका मातृत्वभत्ता द्या. या मागणीचे निवेदन आज महिला आघाडी जिल्हाधिकाऱ्यांकडे घेऊन जाईल. या वेळी पुरुषांनी मागे चालायचे.

पहिल्या चार गोष्टींसाठी कोणाकडे निवेदन द्यायचे नाही. त्या आज रात्री घरी गेल्यावर सुरू होतात. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा. आणि मायबहिणींनो, तुम्ही नुसते पाहा, कोणी कोणी हात वर केला ते. पुढच्या मेळाव्यात हिशेब तुम्ही विचारायचा आहे.